अंगठ्याची पारख

बालाजीरावांच्या मते दोष पान्यांचा होता.

"हल्लीचं लोखंड म्हंजे नुसता गूळ गे," असं ते कामाक्षीला दिवसातून एकदा तरी ऐकवत. कधी ऑइल सोडायच्या बोल्टचे आटे गेलेले असत, कधी एखाद्या नटाचे कोपरे झिजून तो सुपारीसारखा गोल झालेला असे. मग ते हातातला पाना उजेडाकडे धरून त्याच्याकडे असे काही बघत, की जणू घरात वाढवलेल्या पुतण्यानं कोर्टात उलटी साक्ष दिली आहे.

कामाक्षी "हूं" म्हणे. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर एका "हूं"मध्ये काय काय बसवता येतं ते तिला चांगलं ठाऊक होतं. पण या "हूं"मध्ये तिनं जे दडपून ठेवलं होतं ते बाहेर पडलं असतं, तर नवऱ्याला पुन्हा उभं कुठल्या आधारावर करायचं, ते काही तिला ठाऊक नव्हतं.

तमिळ मुलखातल्या त्या मोठ्या शहरात, अण्णा नगर संपून पाडी लागते तिथल्या एका गल्लीत त्यांचं गॅरेज. आत दोन गाड्या मावत, तिसरी आली तर ती रस्त्यावर, आणि चौथी आली तर शेजारच्या इस्त्रीवाल्याशी भांडण. कामाक्षी तिथं पहिल्यांदा आली ती जेवणाचा डबा घेऊन. डबा रिकामा होईतो थांबू म्हणून थांबली, ती थांबलीच. फोन, सुट्या भागांचं कपाट, गिऱ्हाइकांची समजूत, असं एकेक तिच्याकडे आलं. दहाचा पाना कुठला आणि बाराचा कुठला हे तिला कुणी शिकवलं नाही. गाडीखालून हात बाहेर येई, त्यावर चुकीचा पाना ठेवला तर तोच हात तोच पाना घेऊन परत बाहेर येई, एक शब्द न बोलता. शिकायला तेवढं पुरलं.

त्या हाताचं नाव होतं. नट किती आवळायचा याचं माप बालाजीरावांच्या बोटांत होतं, आणि बाकी साऱ्या मेकॅनिक लोकांच्या खांद्यात असतं असं त्यांचं मत होतं. "नट सांगतो," ते म्हणत. "पहिल्यांदा ऐकत नाही. मग ऐकतो. मग म्हणतो, पोदुम. तिथं थांबायचं." पोदुम म्हणजे पुरे. पिढ्यान्‌पिढ्या तंजावरची मराठी बोलत आलेल्या या घराण्यात नटसुद्धा शेवटचा शब्द तमिळमध्ये बोले.

आता तो बोलेनासा झाला होता.

पाय बधिर होतात म्हणून कामाक्षी त्यांना अण्णा नगरच्या एका हॉस्पिटलात घेऊन गेली होती. साखर जुनीच होती. डॉक्टरीणबाईंनी एक थरथरणारा लोखंडी चिमटा पायाच्या अंगठ्याला टेकवला, मग सहज म्हणून हाताच्या बोटांना. पायांचं काय ते बालाजीरावांना सांगितलं. हातांचं सांगितलं ते कामाक्षीला, दारात, ते बाहेर चपला शोधत होते तेव्हा. बोटांतल्या नसा गेल्यात. जोर राहील, स्पर्श राहणार नाही. गेलेलं परत येत नाही, उरलेलं सांभाळा. मग बाईंनी विचारलं, हे काम काय करतात? कामाक्षीनं सांगितलं. बाई क्षणभर तिच्याकडे बघत राहिल्या आणि त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

घरी जाऊन सांगू, असं ती रिक्षात म्हणाली. स्वतःशी. घरी गेल्यावर म्हणाली, जेवून झाल्यावर. पण सांगायचं म्हणजे काय सांगायचं? पाय गेले तर माणूस स्टुलावर बसून काम करतो. या माणसाकडे हातांखेरीज दुसरं होतं काय? शिक्षण बेताचं, स्वभाव तिरसट, गाण्याचा गळा तर देवानं सूड म्हणून दिलेला.

तेव्हा तिनं बायका करतात ते केलं. न बोलता मागून निस्तरायला लागली. बालाजीराव जेवायला बसले की ती चाकांचा पाना घेऊन त्यांनी आवळलेला एकेक नट तपासे. काही नट नुसत्या मनगटानं फिरत. काही असे बसलेले असत की ती पान्यावर उभी राहिली तरी ढिम्म हलत नसत.  सैल नटाचं चाक रस्त्यात निघतं, आणि फार आवळलेला नट ज्या खिळ्यावर चढतो तो खिळा ताणून ताणून एक दिवस तुटतो. गाडीत कुणाची तरी पोरं असतात. गाडी गल्लीच्या तोंडाशी वळेपर्यंत ती बघत उभी राही. लोकांना वाटे, बाई किती अगत्याची.

नवरात्र आलं तसं बालाजीरावांनी जाहीर केलं, "यंदा आयुधपूजेला ही मेलेली हत्यारं मांडायची नाहीत. गंध लावून काय करू त्यांना? नवीन घेऊ. वेंकटकडं जाऊ."

कामाक्षीनं संधी साधली. "घेऊ की. आणि तो टॉर्क रेंचही बघू. माप लावून ठेवायचं, तेवढं आवळलं की तो टक्‌ करतो. मी फोनवर बघितलाय."

"ती टकटक करणारी काठी?" बालाजीराव हसले. "ती कॉलेजातून आलेल्यांसाठी गे. मला काय करायची? स्वयंपाकाला बसलेली बाई मीठ घालायला तराजू घेते काय?"

"घेते," कामाक्षी म्हणाली. "जिभेची चव गेली तर घेते."

ते हसले. त्यांना तो विनोद वाटला.

मेट्रोनं हायकोर्टाच्या स्टेशनाला उतरून ते जॉर्ज टाउनात शिरले. बोळाच्या दोन्ही अंगांना दोरखंड, साखळ्या, पंप, बादल्या आणि त्यांच्यामधून वाट काढणाऱ्या हातगाड्या. वेंकटचं दुकान म्हणजे एक अरुंद बोगदा, दोन्हीकडे छतापर्यंत पाने टांगलेले. वेंकट तंजावरकडचाच, आपल्यातला. गिऱ्हाइकाशी तमिळ, पोलिसाशी इंग्लिश आणि बालाजीरावांशी मराठी.

"या अण्णा! वैनी, इथं पंख्याखाली बसा." त्यानं काउंटरवर वर्तमानपत्र पसरलं. "काय देऊ?"

"सॉकेट गोट्यांचा संच. सहा कोनांचाच," बालाजीराव म्हणाले. "बारा कोनांचा नक्को. तो नटाला कोपऱ्यावर धरतो, जरा जोर दिला की सोललाच. सहाचा सपाट अंगावर बसतो. भिंत पातळ पायजे, पण पोलाद असं पायजे की फाकणार नाही. आणि रिंग पाने. मुलामा उडालेला एकही दाखवू नको, कातडं कापतो."

बोलत होते सगळं बरोबर. कामाक्षी ऐकत होती आणि तिला वाटत होतं, डॉक्टर चुकले असतील. इतकं ज्याला कळतं त्याचं काय जाणार आहे?

"आधी परीक्षा," वेंकट म्हणाला. "मग माल."

ही त्या दोघांची जुनी रीत होती. बालाजीराव आले की वेंकट नटावर टोपीसारख्या बसणाऱ्या, एका मापाच्या पाच गोट्या मांडी. चार अस्सल, एक नकली. शिक्का तोच, चकाकी तीच. बालाजीरावांनी डोळे मिटून अंगठ्यानं नकली ओळखायची. ओळखली तर वेंकटची कॉफी, चुकली तर बालाजीरावांची. वेंकटला आजवर कॉफी मिळालेली नव्हती.

"आज नक्को वेंकटराव," कामाक्षी म्हणाली. "उशीर होतो."

"काय उशीर?" बालाजीराव खुर्ची पुढं ओढत म्हणाले. "याच्या पैशाची कॉफी प्यायल्याशिवाय मला पाना घेतल्यासारखं वाटत नाही."

"अहो, माझं डोकं दुखतंय."

"मग कॉफी पायजेच की तुला."

त्यांनी डोळे मिटले. वेंकटनं पाच गोट्या मांडल्या, कामाक्षीला डोळा घातला आणि मधल्या गोटीकडे बोट दाखवलं. नकली ती होती. तिच्या तोंडाच्या आतल्या कडेला धातूची बारीक कुसळं राहिलेली तिला बसल्या जागेवरून दिसली.

पहिली गोटी. बालाजीरावांनी अंगठा तिच्या तोंडात घालून गोल फिरवला, पोराच्या तोंडातून खडा काढावा तसा. "ही घरची." दुसरी. "हीही घरची. काय रे, आज सोपा पेपर काढलास?" तिसरी त्यांनी हातात घेतली. अंगठा एकदा फिरवला. पुन्हा फिरवला. त्यांच्या चेहऱ्यावर ओळखीचं, पसरट समाधान आलं.

"आहाहा," ते म्हणाले. "ही बघ. ही राणी. कड बघ कशी मारलीय, काचेवरनं बोट गेल्यासारखं."

अंगठ्यातून रक्ताची रेघ निघाली होती. ती तळव्याकडे उतरली, मनगटाशी थांबली आणि वर्तमानपत्रावर टपकली. बालाजीरावांनी राणी जपून बाजूला ठेवली आणि चौथी उचलली. अंगठा घातला, कपाळाला आठी घातली, आणि ती अस्सल गोटी उंच धरून म्हणाले, "हा घे तुझा चोर!"

 बाहेर हातगाडीवाला "वळी, वळी" करत वाट मागत होता.

वेंकटचं तोंड उघडं राहिलं. त्यानं कामाक्षीकडे बघितलं, आणि तिच्या तोंडावर जे होतं ते बघून तो घाईघाईनं म्हणाला, "बरोबर! जिंकलात अण्णा. तुमच्यापुढं कोण..." त्याचा आवाज फाटला. तो काही सराईत खोटारडा नव्हता; हार्डवेअरच्या धंद्यात त्याचं निभलं कसं, देव जाणे.

बालाजीरावांनी हसत डोळे उघडले. वर्तमानपत्रावरचे लाल ठिपके त्यांना दिसले. त्यांचं हसू मावळलं. ते चटकन वळले आणि त्यांनी कामाक्षीचा हात हातात घेतला, उलटासुलटा करून बघितला.

"तुला लागलं काय गे? कुठं लागलं?"

तिच्या हाताला त्यांचं रक्त लागलं.  तिनं फक्त त्यांच्या अंगठ्याकडे बघितलं, आणि मग त्यांनीही.

 दुसऱ्या हाताच्या बोटांनी त्यांनी ती जखम दाबली, आधी हळू, मग जोरात, मग नखानं. वेंकट पुसायचा कापूस घेऊन पुढं आला तर त्याला त्यांनी थांबवलं. खिशातून चष्मा काढला, राणी उचलली आणि उजेडात धरून तिच्या तोंडात डोकावले.

"कुसळ आहे," ते म्हणाले.

"अण्णा, माल मिसळला असेल, माझीच चूक—"

"वेंकट, गप रे."

कामाक्षीनं पदराचं टोक त्यांच्या अंगठ्याला गुंडाळलं. मग वेंकटकडे न बघता म्हणाली, "टॉर्क रेंच दाखवा. चांगल्यातला." बालाजीरावांनी नाही म्हटलं नाही. सहा कोनी गोट्यांचा संचही घेतला. तिनं एकेक गोटी स्वतःच्या अंगठ्यानं तपासली आणि ते भिंतीवर टांगलेल्या गाड्यांच्या फॅनबेल्टांकडे बघत राहिले. कॉफी आली तशी निवून गेली.

मेट्रोत जागा मिळाली. नवी पेटी त्यांच्या मांडीवर होती, टॉर्क रेंचची लांबट डबी तिच्या.

"कधीपासून ठाऊक होतं तुला?" त्यांनी समोरच्या काचेत बघत विचारलं.

"हॉस्पिटलपासून."

"सांगितलं नाहीस."

"नाही."

दोन स्टेशनं गेली. "माझ्यामागं नट बघत होतीस? मी जेवायला बसलो की तू उठतेस, ते तेवढ्यासाठी?"

"होय."

"सैल होते की घट्ट?" हा प्रश्न त्यांनी अगदी धंद्याच्या आवाजात विचारला, दुसऱ्या कुणा मेकॅनिकची चौकशी करावी तसा.

ती खोटं बोलू शकली असती. "दोन्ही," ती म्हणाली.

त्यांनी मान हलवली.  उतरल्यावर स्टेशनाच्या जिन्यावर म्हणाले, "ती काठी असली की माप चुकणार नाही, नाही का?" आणि कामाक्षीनं इतक्या जोरात "होय होय" म्हटलं की पुढच्या माणसानं वळून बघितलं. त्या रात्री तिला झोप लागली. कितीतरी दिवसांनी.

सकाळी नारायणस्वामी आले. शाळेतून निवृत्त झालेले, बालाजीरावांचे सर्वांत जुने गिऱ्हाईक. दुसऱ्या दिवशी लेक आणि नात यांना घेऊन तंजावरला निघायचं होतं. ब्रेक बघून, पुढची चाकं मागं, मागची पुढं करून हवी होती.

"नवीन शस्त्र दिसतंय बालाजीराव!"

"हो. आता आम्हीही कॉलेजातले," बालाजीराव म्हणाले, आणि कामाक्षीला त्या एका विनोदासाठी त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

ब्रेकचं काम झालं. चाकं चढली. तिनं गाडीच्या पुस्तकात बघून आकडा सांगितला, त्यांनी रेंचची मूठ फिरवून माप लावलं, चष्मा लावून दोनदा तपासलं. अंगठ्याला पट्टी होती. नवी गोटी नटावर बसली, सपाट, नीट, हवी तशी. बालाजीराव ओढू लागले.

गल्लीतून पाण्याचा टँकर चालला होता, हॉर्न वाजवत. त्या गोंगाटात कामाक्षीला आवाज आला: टक्‌. बारीक, पण आला. तिनं श्वास सोडला.

बालाजीराव ओढतच होते.

"अहो," ती म्हणाली. टँकर बरोबर दाराशी होता. "अहो, झालं! वाजलं ते! पोदुम!"

फोनवरच्या व्हिडिओत टॉर्क रेंच दाखवणाऱ्या माणसानं तिला एक गोष्ट सांगितली नव्हती. की तो टक्‌ कानापेक्षा हाताला कळायचा असतो. पाना मुठीत इवलासा दचकतो, तेवढंच. गजबजलेल्या गॅरेजात माणसं त्या दचकण्यावर थांबतात. ज्याच्या मुठीला दचकणं कळत नाही त्याच्यासाठी ती नुसती लांब दांड्याची, जास्त ताकदीची काठी.

कडकन आवाज आला. बालाजीराव मागे भेलकांडले. खिळा तुटून नटासकट गोटीत आला होता.

"अरे अरे," नारायणस्वामी स्टुलावरून उठले. "लागलं तर नाही?"

"नाही," बालाजीराव म्हणाले. आणि मग कडवट हसून, "लागलं असतं तरी मला काय."

कामाक्षीनं कपाटातून नवा खिळा काढला. चाक उतरवून जुना ठोकून काढण्यात, नवा बसवण्यात दुपार झाली. त्या कामाला हातोडी लागते, जोर लागतो. तो त्यांच्याकडे होता. ते घामानं निथळत ठोकत राहिले, आणि लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, काय तब्येत आहे या वयात. चाक पुन्हा चढलं. नट त्यांनी साध्या पान्यानं, पूर्वीसारखे आवळले. प्रत्येक नटापाशी थांबले. मान तिरकी करून ऐकल्यासारखं केलं. मग पुढच्या नटाकडे गेले.

नारायणस्वामींनी किल्ली घेतली, दार उघडलं, आणि निघताना कुणीही विचारतो तसं विचारलं, "मग? निर्धास्त जाऊ ना उद्या? पोरगी आहे बरोबर."

बालाजीराव फडक्याला हात पुसत होते. पुसतच राहिले. कामाक्षी त्यांच्याकडे बघत होती. काहीही म्हणा, ती मनात म्हणत होती, जा म्हणा, मी मागाहून काहीतरी निमित्त काढून गाडी थांबवते, नेहमीसारखी.

"मला नाही सांगता येत," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"घट्ट आहे की नाही, मला कळत नाही नारायणस्वामी. हिला विचारा."

नारायणस्वामी गोंधळून हसले. त्यांना वाटलं, नवराबायकोचं काही भांडण आहे. मग त्यांनी बालाजीरावांचा चेहरा बघितला आणि ते गाडीच्या दाराला धरून नुसते उभे राहिले.

बालाजीराव वळले आणि मागच्या बाजूला, हात धुवायच्या नळाकडे गेले.

कामाक्षीनं टॉर्क रेंच उचलला. माप बघितलं. साडीचा काचा मारून ती पहिल्या चाकापाशी उकिडवी बसली, भर दुपारी, गिऱ्हाइकाच्या देखत. आधी नट जरा सैल केला, मग पुन्हा ओढला. पाना तिच्या मुठीत दचकला. टक्‌.

मागं बालाजीरावांनी नळ सोडला. पूर्ण सोडला. पत्र्याच्या बादलीत पाणी असं कोसळायला लागलं की दुसरं काही ऐकू येऊ नये.

ती एकेक नट करत गेली. आवाज तिलाही येईना, पण मुठीला कळत होतं. चारी चाकं झाली तशी ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि म्हणाली, "जा तुम्ही. नीट जा." नारायणस्वामी हात जोडून गाडीत बसले. आज ती गाडी वळेपर्यंत उभी राहिली नाही.

बादली भरून पाणी फरशीवर आलं, फरशीवरून उंबऱ्यावर, उंबऱ्यावरून गल्लीत. इस्त्रीवाला ओरडला, "अम्मा, तण्णी! पाणी चाललंय!" या शहरात पाणी सांडणाऱ्याला कुणी माफ करत नाही, आणि उन्हाळ्यात टँकरमागं घागरी घेऊन धावलेली कामाक्षी तर कधीच करत नसे.

ती पेटीजवळ बसून गोट्या पुसत राहिली. नळ बंद करायला ती उठली नाही.